सोसायट्यांना कचऱ्यासाठी पुरस्कार देताय? या चुका टाळा

स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईचं नाव वर झळकायला लागलं तसे आपल्याकडे कचऱ्याचे पुरस्कारही वाढले. नागरिक मंच देतात, क्लब देतात, शाळा देतात. खाडीपलीकडे ठाण्यात, घोडबंदर रोडच्या संकुलांमध्येही तेच. मला याचा आनंद आहे. या कामाला एरवी कोणी शाबास म्हणत नाही, आणि एका सोसायटीचा सत्कार झाला की शेजारची खडबडून जागी होते. गाडगेबाबांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानानं गावागावांत स्पर्धा लावून हेच साधलं होतं. पण परीक्षक म्हणून जिथे जिथे जाते तिथे आयोजक त्याच चुका करताना दिसतात, आणि त्या चुकांमुळे बक्षीस भलत्यांच्याच हाती पडतं.

वजनाला बक्षीस लावणं

ही सगळ्यांत मोठी चूक. “सर्वाधिक प्लास्टिक गोळा करणाऱ्या वर्गाला ढाल.” ऐकायला छान वाटतं. नेरूळच्या एका शाळेत अशी स्पर्धा झाली तेव्हा मी पाहुणी परीक्षक होते. शेवटच्या आठवड्यात मुलं पाण्याच्या छोट्या बाटल्या विकत घेऊन, पाणी कुंडीत ओतून, रिकाम्या बाटल्या आणायला लागली. एका पालकांनी भंगारवाल्याकडून भरलेलं पोतंच आणून दिलं. जो वर्ग पहिला आला त्यानं शहरातलं प्लास्टिक वाढवलं होतं. ज्या वर्गातल्या बाईंनी वर्षभर सगळ्यांना स्टीलची बाटली आणि डबा आणायला लावला होता, वाढदिवसाला वेष्टनातल्या चॉकलेटांऐवजी चिक्की वाटायची सवय लावली होती, तो वर्ग शेवटचा. कारण त्यांच्याकडे गोळा करायला काही उरलंच नव्हतं. मी आयोजकांना हे सांगितलं. “नियम छापून झालेत,” एवढंच उत्तर मिळालं.

गोळा किती केलं ते मोजू नका, बाहेर किती गेलं ते मोजा. माझी पद्धत साधी आहे. हुकाचा काटा घ्यायचा आणि सलग सात दिवस घंटागाडीत जाणारा प्रत्येक डबा तोलायचा. बेरजेला राहत्या घरांच्या संख्येनं भागायचं, बंद फ्लॅट धरायचे नाहीत. मग हा आकडा दुसऱ्या सोसायटीशी ताडायचा नाही, त्याच सोसायटीच्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडायचा. मे महिन्यात आंब्याच्या कोयी, पावसाळ्यात कणसांची सालं, गणपतीत निर्माल्य, यांनी वजन कुठल्या कुठे जातं. मार्चची तुलना सप्टेंबरशी करून कौतुक करणाऱ्यांना मी हात जोडते.

सात दिवस फार होतात, एका दिवसात भागवू, असं म्हणणारे हमखास भेटतात. एका दिवसात काही कळत नाही. सोमवारचा कचरा आणि गुरुवारचा कचरा यांत मटण-मासळीच्या रविवाराएवढा फरक असतो. ज्यांना आठवडाभर सकाळी काट्याजवळ उभं राहायचं नाही त्यांनी पुरस्कार ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन पाहून भारावून जाणं

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात पाहणीला गेलो. वेगळी खोली, टाइल्स, दाराशी रांगोळी आणि आत चोवीस तासांत खत करणारं यंत्र. टेबलावर तपकिरी भुकटीच्या, लेबल लावलेल्या पिशव्या. बाकीचे परीक्षक फोटो काढत होते. मी एक पिशवी घरी आणली, मूठभर भुकटी ओली केली आणि झाकणाच्या डब्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबलेल्या भाताचा वास आणि वर तेलाचा तवंग.

कारण सरळ आहे. अशी बरीच यंत्रं कचरा बारीक करतात आणि तापवून सुकवतात. ओल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. ते उडालं की ढीग एवढासा होतो आणि माती दिसायला लागते. पण जिवाणूंचं काम व्हायचंच असतं. ती भुकटी पुढे काही आठवडे ओलसर ठेवून, उलथीपालथी करून मुरवावी लागते, मग ती खत होते. या संकुलात मुरवायला जागाच ठेवलेली नव्हती. नंतर मी माळीकाम करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “ताई, हे झाडाला टाकलं की बुरशी धरते अन् उंदीर येतात. आम्ही परत गाडीतच देतो.”

म्हणजे वीज जाळून सुकवलेलं अन्न घंटागाडीत जात होतं, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळणार होतं. फ्लेक्ससुद्धा छापून आले होते. मी निकालपत्रावर सही केली नाही. त्याच रस्त्यावर एका जुन्या चार मजली इमारतीमागे विटांचे तीन खड्डे होते. वरून वाळका पाला, खाली हात लावला तर गरम, वास पावसानंतरच्या मातीचा. त्यांनी अर्जच केला नव्हता.

त्यामुळे यंत्राची किंमत विचारू नका, ढिगात हात घाला. काम चालू असलेला ढीग आतून चांगला तापतो, ५५ अंशांच्या पुढेही जातो. घाण वास येत असेल तर पाणी जास्त आणि सुका पाला किंवा भुसा कमी, इतकंच. त्यासाठी लगेच बाद करू नका, पंधरा दिवसांनी परत जा. तयार खत म्हणून जे दाखवतील त्यात मेथीचे दाणे पेरा. आठवड्याभरात नीट उगवले तर खत, नाहीतर नाही.

चेअरमनला शाल, बाकीच्यांना टाळ्या

सत्कार कोणाचा करायचा हे कमिटीला विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं. मी पाहणीच्या दिवशी हाऊसकीपिंगच्या लोकांशी कमिटी जवळ नसताना बोलते. कोणत्या मजल्यावरून मिश्र कचरा येतो, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, लाल खूण करून कोण देतं, सुरुवातीला घरोघर जाऊन शिव्या कोणी खाल्ल्या, हे त्यांना अचूक ठाऊक असतं. बहुतेक वेळा ते नाव पदाधिकाऱ्याचं नसतं. कुणी निवृत्त शिक्षिका असते, कुणी कचरा उचलणारा मुलगाच असतो.

स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक बायकांना वर्गीकरण, खत आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्राचे बायोगॅस प्रकल्प चालवायला शिकवलं. मुंबईत आणि नवी मुंबईत या बायका हे काम करत आल्या आहेत. आपल्या पुरस्कारांच्या यादीत असं एकही नाव नसेल तर यादी अपुरी आहे.

बाकीच्या, थोडक्यात

- कळवून पाहणीला जाऊ नका. कळवलं की निळे-हिरवे डबे धुऊन रांगेत उभे राहतात. सकाळी सातला, गाडी यायच्या आधी, न सांगता जा.
- कायद्यानं करायचंच आहे त्याला बक्षीस नको. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणारे आणि ५,००० चौरस मीटरहून मोठी संकुलं यांच्यावर २०१६ च्या नियमांनीच वर्गीकरणाची जबाबदारी टाकली होती. बक्षीस त्यापुढच्या कामाला.
- भंगारवाल्यानं काय नाकारलं ते विचारा. चिप्सची पाकिटं आणि थर्माकोल कुठे जातात, याचं उत्तर नसेल तर गुण कापा.
- समारंभात प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनातले पुष्पगुच्छ आणि अ‍ॅक्रिलिकची स्मृतिचिन्हं ठेवू नका. फ्लेक्सवर वर्ष छापू नका, दरवर्षी तोच वापरता येतो.
- एकदा दिलेला पुरस्कार कायमचा नको. सहा महिन्यांनी परत काटा लावा आणि घसरण असेल तर पाटी काढून आणा. भांडणं होतात, होऊ द्यात.

आणि कामगारांना रोख रक्कम द्यायची असेल तर कंत्राटदाराच्या हाती देऊ नका, थेट त्यांच्या बँक खात्यात भरा. नावं हजेरीपटावरून घ्या. रात्रपाळीची आणि बदली माणसं त्यात आहेत ना, हे त्यांच्या मुकादमाला आणि त्यांना स्वतःलाही विचारून घ्या.