पावसाळ्यात तिकिटे, नाणी आणि शब्दपत्ते कोरडे ठेवण्यासाठी

कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की न वापरलेल्या टपाल तिकिटांचा डिंक ओला होऊन ती पानाला चिकटतात, आणि नवी भाषा शिकण्यासाठी केलेल्या शब्दपत्त्यांवरही बुरशी धरते.

१. मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, सारा संग्रह सावलीत वाऱ्याला ठेवावा. उन्हात तिकिटांचे रंग उडतात.

२. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात संग्रहासोबत सुती पुरचुंडीत, ओलावा शोषून घेणारे सिलिका जेलचे नारिंगी दाणे ठेवावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असल्यामुळे ते टाळलेलेच बरे.

३. तिकिटांचा अल्बम उभाच ठेवावा, कारण आडव्या अल्बममध्ये पानांचे वजन तिकिटांवर पडते.

४. दाण्यांचा रंग बदलला की ते पुरचुंडीतून काढून, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या तव्यावर, मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत तापवावेत आणि पूर्ण निवल्यावरच परत ठेवावेत. (श्रावणात हे काम वरचेवर करावे लागते.)

तांब्याचे जुने ढबू पैसे मात्र आमसुलाने घासू नयेत. समईला आमसूल चालते, परंतु नाण्यावरचा काळपट थर गेला की संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत उतरते.