काळ्या खिडकीतला हिशेब ब्राउझरमध्ये आणताना

आईच्या बचत गटाच्या कर्जाचं व्याज काढायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो संगणकाच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये (कन्सोलवर) चालायचा. गटातल्या बायकांना तो मोबाइलवर हवा होता, म्हणून फ्लास्क (पायथनमधून वेबपानं बनवायचं साधन) घेतलं.

पहिल्याच दिवशी अडलो. पान उघडलं की नुसतं फिरत राहायचं. कोड तोच ठेवलेला, त्यामुळे 'इनपुट' (प्रश्न विचारून उत्तर घेणारी आज्ञा) तिकडे टर्मिनलमध्ये उत्तराची वाट बघत बसलेलं! मग व्याजाचं गणित वेगळ्या फंक्शनमध्ये (कोडच्या स्वतंत्र तुकड्यात) काढलं. ते काही विचारत नाही, छापत नाही, फक्त उत्तर रिटर्न करतं. प्रश्नांच्या जागी फॉर्म आला. फॉर्ममधली रक्कम मजकूर म्हणून येते, ती 'इंट'ने आकड्यात बदलावी लागते. देवनागरीत टाकलेले '५०००' सुद्धा पायथन बिनतक्रार वाचतो, हे पाहून फार आनंद झाला.

खरा घोटाळा पुढे झाला. दोघींनी एकाच वेळी पान उघडलं आणि एकीची कर्जं दुसरीच्या यादीत दिसली. पैशाच्या हिशेबात हे अजिबात चालणार नाही. कर्जांची यादी ग्लोबल होती, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामला मिळून एकच. कन्सोलवर माणूस एकच, सर्व्हरवर मात्र तीच यादी सगळ्यांची. ती सेशनमध्ये, म्हणजे प्रत्येकीच्या ब्राउझरसाठी वेगळ्या राहणाऱ्या माहितीत हलवली. त्यासाठी सीक्रेट की (सेशनवर सही करायला लागणारा गुप्त मजकूर) आधी ठरवा, नाहीतर सेशनमध्ये लिहिताना एरर येते.