फायर वॉचचा चार्ज कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा

साइटवर फायर वॉचला, म्हणजे वेल्डिंग-कटिंगच्या कामाजवळ आग लागू नये म्हणून पहाऱ्याला, जे उभे राहतात त्यांच्यासाठी आणि त्यांची ड्युटी लावणाऱ्या सुपरवायझर लोकांसाठी हे लिहितोय. एक्स्टिंग्विशर कसा चालवायचा, ठिणग्यांवर लक्ष कसं ठेवायचं हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात, पण पाळी संपली की ती ड्युटी दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची हे फारसं कोणी बसून सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच होते.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. वर ग्रेटिंगवर, म्हणजे लोखंडी जाळीच्या फ्लोअरवर, गॅस कटिंग चालू होतं, मी चार्ज घ्यायला गेलो, आधीचा माणूस म्हणाला सगळं ओके आहे, मी पण बरं म्हणालो, त्याने एक्स्टिंग्विशर दाखवला आणि तो गेला. वीसेक मिनिटांनी जळका वास आला. खालच्या मजल्यावर पॅकिंगची खोकी आणि तेलकट चिंध्या होत्या, त्यावर सकाळी फायर ब्लँकेट टाकलेलं, ते दुपारी कोणीतरी सामान काढताना सरकवलं होतं आणि चिंध्या आतल्या आत धुमसत होत्या. एका एक्स्टिंग्विशरमध्ये विझलं म्हणून निभावलं. खाली काय ठेवलंय हे आधीच्या माणसाला माहीत होतं, पण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो खोटं बोलला नव्हता, त्याला खरंच ओके वाटत होतं.

पाळी बदलताना एक गोष्ट सांगायची राहिली तर काय होऊ शकतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातला पायपर अल्फा तेल प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता, त्याजागी नुसती प्लेट लावून ठेवलेली, आणि ही माहिती रात्रपाळीच्या लोकांपर्यंत नीट पोचलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच चालू करायला घेतला, गॅस गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. ते फायर वॉचचं प्रकरण नव्हतं, पण कागद एका जागी, माणूस दुसऱ्या जागी आणि माहिती कोणाकडेच नाही, ही परिस्थिती आपल्या कामात रोज तयार होऊ शकते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू.

पहिली गोष्ट, चार्ज देईपर्यंत काम थांबवा. वेल्डरला, ग्राइंडरवाल्याला सांगा की दहा मिनिटं टॉर्च बंद. तो कुरकुर करेल, "दोनच टाके राहिलेत" म्हणेल, तरी थांबवा, कारण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत असता तेव्हा ठिणग्यांकडे बघणारं कोणीच नसतं. काम थांबवायचा अधिकार फायर वॉचला असतोच, नसेल तर ती ड्युटी घेऊच नका. आणि गॅसचं काम असेल तर नुसती टॉर्च विझवून चालत नाही, सिलिंडरचे व्हॉल्व्हसुद्धा बंद करायला सांगा, बंदिस्त जागेत तर नक्कीच, कारण होजमधून हळूहळू गळणारा गॅस किंवा ऑक्सिजन तिथे साठत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एका जागी उभं राहून हात दाखवत सांगू नका, दोघांनी मिळून चक्कर मारा. हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि हाच लोक टाळतात. सुरुवात खालून करा, काम जिथे चाललंय तिथून नाही. ठिणगी खालीच पडते, ग्रेटिंगच्या फटीतून, पाइप जिथून स्लॅबमधून जातो त्या भोकातून, केबल ट्रेमधून. हॉट वर्कच्या, म्हणजे वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या, नियमांत साधारण ३५ फूट म्हणजे ११ मीटरचा घेर धरतात, तेवढ्यात जळण्यासारखं काही नको, असेल तर हलवा, हलत नसेल तर झाका, पण उंचावर काम असेल किंवा वारा असेल तर ठिणग्या त्याच्याही पुढे जातात, त्यामुळे ११ मीटरपुढे बघायचंच नाही असं धरून चालू नका. मग भिंतीच्या किंवा पार्टिशनच्या पलीकडे जा. लोखंडी प्लेटच्या या बाजूला वेल्डिंग केलं की उष्णता पलीकडे जाते आणि तिकडे चिकटलेलं इन्सुलेशन धुमसायला लागतं, इकडून काहीच दिसत नाही. संशय आला तर हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, थेट टेकवू नका. नाक वापरा. धुमसणाऱ्या आगीचा धूर दिसायच्या आधी बऱ्याचदा वास येतो.

चक्कर मारताना जाणाऱ्याने बोलत राहायचं. काय झाकलंय, कुठे आधी एकदा ठिणगी पेटली होती आणि विझवली, कुठली जागा मला आवडत नाहीये. हे शेवटचं आवर्जून सांगा. तीन-चार तास एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाला एखादा कोपरा नजरेत खटकत असतो, कागदावर त्यासाठी रकाना नसतो म्हणून तो बोलत नाही. आणि एकदा पेटून विझवलेली जागा तर कधीच लपवू नका, साहेब ओरडेल म्हणून बरेच जण लपवतात, पण तिथेच परत धुमसायची शक्यता असते.

वेळ सांगताना घड्याळातली वेळ सांगा. "झाला थोडा वेळ काम थांबून", "अजून अर्धा तास बघ", असलं बोलणं नको, अर्धा तास कधीपासून धरायचा? काम संपल्यावर किती वेळ पहारा ठेवायचा हे तुमच्या परमिटवर, म्हणजे त्या कामाच्या लेखी परवानगीवर, लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ५१बी स्टँडर्डमध्ये आधी हा वेळ कमीत कमी अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीपासून तो एक तास केला, कारण धुमसणारी वस्तू पेट घ्यायला बराच वेळ घेऊ शकते. समजा शेवटची टॉर्च ५:४० ला बंद झाली आणि परमिटवर एक तास आहे, तर ६:४० पर्यंत पहारा आहे, आणि पाळी ६:०० ला बदलते. हा जो मधला वेळ असतो ना, काम संपलंय, वेल्डर सामान आवरून गेलाय, सगळं शांत आहे, त्याच वेळी चार्ज सगळ्यात ढिला दिला जातो आणि त्याच वेळी तो सगळ्यात पक्का हवा.

एक्स्टिंग्विशर हातात द्या, बोटाने दाखवू नका. घेणाऱ्याने तो उचलून बघायचा, पिन आणि सील आहे का, होज नीट आहे का, गेजचा काटा हिरव्यात आहे का. सीओटूच्या बाटलीला गेज नसतो, ती भरलेली आहे की नाही हे वजनावरूनच कळतं, तेव्हा मधे कोणी वापरली होती का ते तोंडाने विचारा, थोडी जरी वापरली असेल तर बदलून घ्या. पाण्याची होज असेल तर नोझल उघडून पाणी येतंय हे बघा. चालू लाइनची इलेक्ट्रिक पॅनेल जवळ असतील तर पाणी कुठे मारायचं नाही हे तिथेच उभं राहून सांगा. वॉकीटॉकी असेल तर नव्या माणसाने स्वतः बटण दाबून कंट्रोल रूमशी बोलून घ्यायचं, बॅटरी संपलेली असते हे तेव्हाच कळतं. अलार्मचं बटण कुठे आहे आणि बाहेर पडायचा रस्ता कुठला, तो चालून बघा, सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी पाइपच्या ढिगाने बंद झालेला असतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. धुराचा डिटेक्टर वाजू नये म्हणून हॉट वर्कच्या आधी तो झोन आयसोलेट करतात, म्हणजे तेवढ्या भागाचे डिटेक्टर तात्पुरते बंद ठेवतात, कधी स्प्रिंक्लरची लाइनही बंद असते. ते कोणी बंद केलंय, कुठला झोन, परत चालू कोण करणार, हे चार्जमध्ये आलंच पाहिजे. नाहीतर तीन पाळ्या बदलतात आणि ती बिल्डिंग रात्रभर डिटेक्टरशिवाय राहते.

मग बोलणं. मी असं बोलतो, तुम्ही तुमच्या पद्धतीने बोला:

"दादा, दुसऱ्या मजल्यावर पाइप सपोर्टचं वेल्डिंग, दोन वेल्डर एक हेल्पर. शेवटचा आर्क ५:४०. खाली चिंध्यांचा ड्रम होता तो हलवला, केबल ट्रेवर ब्लँकेट आहे, उजवं टोक सारखं सरकतंय. ४ वाजता खालच्या फळीवर ठिणगी पेटली होती, पाणी मारलंय, परत बघत राहा. डिटेक्टर आयसोलेट आहे."

आणि घेणाऱ्याने ते आपल्या शब्दात परत म्हणून दाखवायचं. नुसतं हो हो नाही. "म्हणजे ६:४० पर्यंत मी, ट्रेचं उजवं टोक आणि ती फळी बघायची, डिटेक्टर चालू करायला कंट्रोलला सांगायचं." दोघांची भाषा वेगळी असेल तर हे परत म्हणणं आणखीच गरजेचं, तिथे छोटी वाक्यं आणि जागेवर नेऊन दाखवणं एवढंच चालतं. मग त्याने स्पष्ट म्हणायचं, "आता माझ्याकडे." हे दोन शब्द येईपर्यंत ड्युटी जुन्या माणसाचीच. त्यानंतर लॉगमध्ये वेळ, दोघांच्या सह्या, जॅकेट किंवा आर्मबँड त्याच्याकडे, आणि वेल्डरलाही सांगायचं की आता फायर वॉच हा आहे, म्हणजे त्याने थांब म्हटलं की तो थांबेल. सह्या आधी करून ठेवू नका, जेवायच्या आधी संध्याकाळची सही मारलेली मी पाहिली आहे.

बदली माणूस आलाच नाही तर? जायचं नाही. सुपरवायझरला कळवा, काम बंद करा, काम बंद झाल्यावरचा पहारा पूर्ण होईपर्यंत थांबा. आणि आलेला माणूस डबल ड्युटी करून डोळे मिटत असेल, प्यायलेला असेल, किंवा त्याला त्याच वेळी हेल्परचं कामही लावलेलं असेल, तर चार्ज देऊ नका. भांडण होईल, होऊ दे. फायर वॉचला त्या वेळात दुसरं काम नसतं, सामान पास करणं पण नाही. टँकसारख्या बंदिस्त जागेत आत माणसं असतील तर दारावरचा होल वॉच वेगळा माणूस हवा, एकाच्याच गळ्यात दोन्ही टाकलं तर आग विझवायला धावू की आतल्यांना बाहेर काढू, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

पाच मिनिटं लघवीला जायचं असलं तरी हाच नियम. "जरा बघ रे" म्हणून शेजारच्याला सांगून जाणं हा चार्ज नाही. टॉर्च बंद करायला लावा आणि शिकलेल्या माणसाला उभं करून जा. आल्यावर मधे काय झालं ते विचारूनच परत सुरू करा.

चार्ज घेतल्यावर पहिली पंधरा मिनिटं बसू नका. उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये आलात तर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, तोवर वेल्डरला टॉर्च पेटवू देऊ नका. आर्ककडे बघत बसायचं नाही, डोळे जातील, तुमचं काम ठिणगी कुठे पडते ते बघण्याचं आहे. एक चक्कर एकट्याने परत मारा, खालचा मजला धरून. जुना माणूस तोपर्यंत गेटपर्यंतच पोचलेला असतो, काही वेगळं दिसलं तर लगेच फोन करून विचारता येतं.