पालापाचोळ्याचे विघटन मोजताना या चुका टाळा

वाळवून तोललेला पालापाचोळा जाळीच्या पिशवीत भरून जंगलातील जमिनीवर ठेवायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा तोलायचा, ही पद्धत जुनी असली तरी आजही उपयोगाची आहे. मात्र घटलेले सगळे वजन सूक्ष्मजीवांनीच खाल्ले, असे मानणे चूक आहे. पहिल्या पावसातच पानातील शर्करा आणि पोटॅशियम विरघळून वाहून जातात, म्हणून सुरुवातीची ही घट वेगळी नोंदवावी. पिशवीला चिकटलेल्या मातीमुळे वजन उलट वाढलेले दिसते. पान जळते पण मातीतील खनिजे राखेत उरतात, म्हणून नमुना सुमारे ५०० अंश सेल्सिअसला जाळून राखेचे प्रमाण काढल्यास तो दोष दुरुस्त करता येतो.

सर्वाधिक गोंधळ नत्राबाबत होतो. कुजणाऱ्या पानातील नत्र काही महिन्यांनी मूळ मोजमापापेक्षा जास्त भरले, की अनेक विद्यार्थी ती प्रयोगशाळेतील चूक समजून आकडे टाकून देतात, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण तीच नोंद सर्वांत बोलकी असते. गळून पडलेल्या पानात कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या तुलनेत कर्बाचे (कार्बनचे) प्रमाण, बहुधा ५० किंवा त्याहून अधिक असते, तर बुरशीच्या शरीरात ते साधारण १० आणि जिवाणूंत त्याहूनही कमी असते. एवढा कर्ब पचवायला लागणारे नत्र पानात नसल्याने बुरशी आपल्या तंतूंमधून ते खालच्या मातीतून वर ओढून आणते. नत्राची ही साठवण थांबून ते मातीत सुटू लागेपर्यंत थांबावे. मोजणी लवकर आटोपल्यास अर्धीच प्रक्रिया हाती लागते.

केवळ जिवाणू मोजणेही अपुरे आहे. लिग्निन, म्हणजे वनस्पतीला कणखरपणा देणारा चिवट घटक, पूर्णपणे मोडण्याचे काम मुख्यतः पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशी करतात, आणि त्या ते शरीराबाहेर सोडलेल्या विकरांनी (एन्झाइमांनी) करतात.

मातीचा श्वसनदर, म्हणजे तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याचा वेग, मोजण्यापूर्वी नमुना वाळवू नये. वाळलेली माती पुन्हा भिजवताच कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो, एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये या विषयावर लिहिल्यामुळे त्याला बर्च परिणाम म्हणतात. माती वाळलीच असेल, तर ती भिजवून काही दिवस स्थिर ओलाव्यात ठेवावी आणि हा लोंढा ओसरल्यानंतरच नोंदी सुरू कराव्यात.