शाळेच्या गेटापासून 50 मीटर: मुलाचं वजन, घरचं काम आणि सरकारकडून करून घ्यायचं काम

मुलं जाड होतात त्याचा दोष पालकांचा की सरकारचा, हा वाद इंदुरात पोहे-जलेबीच्या प्लेटवरच छान रंगतो आणि तिथेच संपतो. प्रत्यक्षात कामाची वाटणी तशी स्पष्ट आहे. मोजमाप, डबा, झोप हे घराकडे. शाळेच्या दारात काय विकलं जातं, कशावर किती कर लागतो आणि शाळेत तपासणी होते की नाही, हे सरकारकडे. अडचण एवढीच की दुसरं काम आपोआप होत नाही, ते पालकांना मागे लागून करून घ्यावं लागतं.

आधी नीट मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. "खात्यापित्या घरचा आहे" म्हणणाऱ्या घरात जाड मूल निरोगी दिसतं आणि नीट वाढणारं मूल हडकुळं. वजनकाटा सतरंजीवर नाही, फरशीवर ठेवा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यात वजन घ्या. उंचीसाठी मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, टाचा भिंतीला लावा, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा. मुलीची वेणी किंवा अंबाडा आधी सोडा, नाहीतर दोन सेंटिमीटर फुकटचे मिळतात.

ते दोन सेंटिमीटर किती महाग पडतात ते पाहा. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. दहा वर्षांचा मुलगा, वजन 42 किलो, उंची 138 सेंटिमीटर: 42 भागिले 1.90, म्हणजे 22. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलासाठी 18.5 च्या वर जास्त वजन आणि 21.4 च्या वर लठ्ठपणा. उंची चुकून 140 लिहिली की बीएमआय थेट 21.4 च्या रेषेवर येतो आणि घरचे निवांत होतात. मुलींचे आकडे वेगळे आहेत आणि वयागणिक बदलतात. मोठ्यांचा 25 चा आकडा मुलांना लावू नका. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांसाठी बनवलेला 2015 चा तक्ता असतो, त्यावर दर तीन महिन्यांनी ठिपका मांडून घ्या. घरच्या घरी आणखी एक खूण: कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा. 138 सेंटिमीटरला 69.

मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसली तर ती मळ समजून घासत बसू नका. ती बहुतेकदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. रक्तातली साखर, चरबी, यकृताची तपासणी आणि रक्तदाब यासाठी डॉक्टरांकडे न्या. दुसरी गोष्ट फार घरांत सुटते: खाण्यामुळे जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. मूल जाड आहे आणि उंचीही रेंगाळली आहे, तर थायरॉईडसह हार्मोन्सची तपासणी हवी. तिथे डबा बदलून भागणार नाही.

वजन उतरवायचं नाही, थांबवायचं

बहुतेक वाढत्या मुलांना उपाशी ठेवायची गरज नसते. वरच्याच मुलाचं वजन वर्षभर 42 वर टिकलं आणि उंची सहा सेंटिमीटर वाढली, तर बीएमआय 22 वरून 20.3 वर येतो. एक किलोही न उतरवता. म्हणून महिन्यात चार किलोचं लक्ष्य ठेवणारा प्रत्येक सल्ला संशयाने बघा. आणि त्याला "गोलू" म्हणणं आजपासून बंद, पाहुण्यांसमोर तर नाहीच. टोमणे खाणारं मूल लपून खातं.

डब्याचं माप सरकारकडेच आहे

पीएम पोषण योजनेत, म्हणजे जुन्या मध्यान्ह भोजनात, प्राथमिकच्या मुलाला एका जेवणात 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलं आहे: 450 किलोकॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीसाठी 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम. 700 किलोकॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं. ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांची, पण माप खासगी शाळेतल्या डब्यालाही चालतं. पाच ग्रॅम तेल म्हणजे एक चहाचा चमचा. आता चिप्सचं 30 ग्रॅमचं पाकीट घ्या, त्यात सुमारे दहा ग्रॅम तेल असतं. ते डब्यासोबत "वरचं" म्हणून दिलं, तर तेल जेवणाच्या तिप्पट झालं.

डबा डाळ किंवा उसळीभोवती बांधा: मुगाचं धिरडं, मटकीची उसळ-पोळी, दही-भात आणि काकडी. छोट्या सुटीला एक फळ. पेरू, म्हणजे इंदूरचे जाम, हिवाळ्यात उत्तम. डबा परत येतो त्याचं कारण बऱ्याचदा चव नसते, वेळ नसतो. पंधरा मिनिटांच्या सुटीत मोठी पोळी-भाजी संपत नाही. गुंडाळी करून द्या, संपते.

घरातली खरी अडचण आहे शेव. पोहे बदनाम होतात, पण त्यात वाटाणे, कांदा, लिंबू असेल तर ते ठीकच आहेत. वरची मूठभर शेव 30 ग्रॅम भरते आणि 100 ग्रॅम शेवेत सुमारे 550 किलोकॅलरी असतात, म्हणजे मुठीत 165. मग ती उसळीवर, वरणावर, नुसतीही चालते. शेव बंद करायला सांगितलं तर इंदुरात कोणी ऐकणार नाही. शेवेचा डबा टेबलावरून काढून कपाटात ठेवा आणि मुठीऐवजी चमच्याने घाला. जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, हवं तेवढं नको, त्यात मीठ आहे. जलेबी रविवारीच, दुधासोबत रोज नाही. तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहा: महिन्याला पाच लिटर लागत असेल तर साडेचारवर आणा. एवढी कपात घरात कुणाला जाणवत नाही.

सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, हा झोपेचाही प्रश्न आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. सराफ्याच्या ठेल्यांवर रंग भरतो तो सोन्याची दुकानं बंद झाल्यावर, आणि शाळेची बस पहाटेच उभी. कमी झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, तीही गोड-तळलेल्याची. महिन्यातून एखादा शनिवार ठरवून जा, आठवड्याच्या मधे नको. रोज एक तास धावणं-खेळणं हवं. नेहरू पार्क, मेघदूत उद्यान किंवा गल्लीतलं क्रिकेट, काहीही चालेल. ट्यूशनच्या दोन बॅचेसमध्ये तो तास मावत नसेल तर एक बॅच कमी करा.

भाव वाढेल आणि मूल सोडेल, या आशेवर राहू नका

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा गॅसच्या थंड पेयांवर 40 टक्के राहिले. आधी 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर होता, म्हणजे बेरीज तीच. साखर नसलेल्या गॅसच्या पेयालाही तोच दर, त्यामुळे याला साखरेवरचा कर म्हणणंही कठीण. आणि पाकीटबंद नमकीन, फळाच्या गराची पेयं 12 वरून 5 टक्क्यांवर आली, बिस्किटं आणि चॉकलेटं 18 वरून 5 वर. आरोग्यासाठी हे उलटं झालं असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर पाकिटाची पाठ वाचा. "प्रति सर्व्हिंग" सोडा, 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरचा रकाना पाहा. कोलाच्या 250 मिलिलिटरमध्ये साधारण 26 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते. आंब्याच्या पेयात अनेकदा त्याहून कमी नसते, फक्त चित्र फळाचं असतं.

शाळेशी कसं बोलायचं

एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर आणि मिठाचे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि गेटापासून 50 मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही तिथे चालत नाही. 50 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 70 पावलं. सुटी होताना चालून पाहा, काय विकलं जातं त्याचे फोटो काढा. मुलांचे चेहरे त्यात येऊ देऊ नका.

एकट्याने तक्रार केलीत तर शाळेत तुमचं मूल "तक्रारवाल्याचं" ठरतं. म्हणून वर्गातल्या पाच-सहा पालकांच्या सह्यांनी मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पत्रात तीनच मागण्या ठेवा: कॅन्टीनचा परवाना क्रमांक दाखवा (तो 14 आकडी असतो), बाटलीबंद गोड पेयं आणि चिप्स काढा, मुलांची उंची-वजनं वर्षातून दोनदा घ्या. कचोरी-समोशावर सुरुवात करू नका, चर्चा तिथेच अडकते. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना "शुगर बोर्ड", म्हणजे साखर किती चालते आणि कशात किती असते हे सांगणारा फलक, लावायला सांगितलं आहे. तो कुठे लावला ते विचारा. ऑफिसच्या भिंतीवर असेल तर कॅन्टीनच्या खिडकीजवळ हलवायला सांगा. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तिथे हाच मुद्दा बैठकीत मांडून इतिवृत्तात लिहून घ्या.

आरबीएसके, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाचं फिरतं पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं. खासगी शाळा त्यात येत नाहीत, तिथे वाढदिवसाच्या आठवड्यात स्वतः डॉक्टरांकडे जा. खर्च परवडत नसेल तर इंदूरचं सरकारी बालरुग्णालय, चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे.

"गेटाबाहेर आमच्या हातात नाही" असं शाळेने म्हटलं, तर तिच्याकडून तेवढंच लिहून घ्या आणि पुढे जा. त्याआधी ठेलेवाल्याशी एकदा बोला. त्याचं पोट त्यावर आहे. भाजलेले भुट्टे, उकडलेले चणे, कापलेले जाम पालकच विकत घेऊ लागले तर अनेकदा तो स्वतःच माल बदलतो. नाही बदलला, तर जिल्ह्याच्या खाद्य सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नावे हिंदीत अर्ज करा, फोटो आणि शाळेचं उत्तर जोडा. मंगळवारी मोती तबेल्यात कलेक्टर कार्यालयाच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, तो देता येतो, किंवा मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनवर, 181 वर, तक्रार नोंदवता येते. 181 वर मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. तक्रार बंद करायची का म्हणून फोन येतो. फोन घेण्याआधी सुटीच्या वेळी गेटावर पुन्हा ती 70 पावलं चालून पाहा, आणि ठेल्यावर त्याच बाटल्या दिसल्या तर "संतुष्ट नाही" असंच सांगा, म्हणजे ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते.