गाडीचे पुढचे शॉकअप घरी कसे बदलावेत

गाडीच्या पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागली की मालक आणि मिस्त्री या दोघांच्याही तोंडी पहिले नाव शॉकअपचे येते. प्रत्यक्षात खराब रस्त्यावर होणारा हलका, सुटा खडखडाट पुष्कळदा लिंक रॉडचा (शॉकअपला गाडीचे डुलणे आवरणाऱ्या आडव्या दांड्याशी जोडणाऱ्या छोट्या सळईचा) असतो, आणि लिंक रॉड ही शॉकअपच्या मानाने फारच स्वस्त वस्तू आहे. हे मला पैसे मोजून कळले. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या छोट्या हॅचबॅकचे दोन्ही पुढचे शॉकअप बदलले गेले आणि गाडी घेऊन मी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याला पोचायच्या आतच तोच आवाज पुन्हा सुरू झाला. त्या दिवसापासून आधी स्वतः गाडीखाली डोकवायचे आणि मगच पाना उचलायचा, असा नियम केला. पुढे शॉकअप खरोखरच गेले तेव्हा ते घरच्या अंगणात बदलले. त्या कामाची रीत इथे सांगत आहे.

आपण ज्याला सरसकट शॉकअप म्हणतो, तो बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचा असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. आपल्याकडे मारुती ८०० मध्येही पुढे हीच होती. तेल भरलेली नळी, तिच्यातून वरखाली होणारा दांडा, भोवतीची स्प्रिंग आणि वरचे रबरी माउंट अशी ही एकच उभी जोडणी असते. ती धक्के शोषते, शिवाय चाकाला वरच्या बाजूने धरूनही ठेवते. त्यामुळे ती काढून पुन्हा बसवली की चाकाचा कोन थोडा तरी हलतोच, आणि काम कितीही नेटके झाले तरी शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन यंत्रावर जुळवणे) करून घ्यावेच लागते.

दोष नेमका कुठे आहे

चाक एका बाजूला पूर्ण वळवून बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगच्या खालची नळी पाहावी. नळीवर नुसता तेलाचा पुसट ओलावा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण तेल ओघळून त्यावर धूळ बसली असेल आणि बोट फिरवल्यावर काळा, चिकट लगदा हाताला लागत असेल, तर दांड्याचे सील गेले आहे. गगनबावड्याकडे किंवा राधानगरीकडे पावसात नियमित जाणाऱ्या गाड्यांच्या शॉकअपचे रबरी आवरण फाटलेले असले, तर आत तांबड्या मातीचा थर सापडतो. ती बारीक माती दांड्यावर घासून सील खराब करते, आणि एकदा सील गेले की तेल बाहेर येण्याला वेळ लागत नाही.

यानंतर पुढचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा हेलकावली तर शॉकअप दमला आहे. मात्र शॉकअप कमजोर होऊनही ही चाचणी कधीकधी उत्तीर्ण होते, म्हणून ब्रेक दाबल्यावर नाक नेहमीपेक्षा जास्त खाली जाते का, गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी डुलत राहते का आणि टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला आहे का, हेही पाहावे. गाडी जागेवर उभी असताना कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगला हलकेच हात लावावा. स्प्रिंग अडखळत, टणत्कार करत फिरत असेल तर दोष वरच्या माउंटमधल्या बेअरिंगचा आहे. लिंक रॉड हाताने हलवून पाहिल्यावर त्याच्या गोळ्यात ढिलाई जाणवली, तर तेवढाच बदलावा आणि इथेच थांबावे.

काय आणावे

शॉकअप दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर गाडी ब्रेक दाबताना आणि वळणावर दोन्हीकडे सारखी वागत नाही, आणि घाटातल्या ओल्या रस्त्यावर हा फरक चांगलाच जाणवतो. डावा आणि उजवा हे वेगवेगळे भाग असतात. ब्रेकच्या रबरी पाइपसाठीचा आणि लिंक रॉडसाठीचा कान त्यांवर उलट बाजूंना असतो. त्यामुळे दुकानातच दोन्ही शेजारी धरून खात्री करून घ्यावी. त्यांच्याबरोबर वरची माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आपटू नये म्हणून असलेला ठोकळा) आणि रबरी आवरण हेही नवे घ्यावे, कारण स्प्रिंग एकदा सोडवली की हे सगळे हातात येतेच, आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी जुने माउंट परत घातले तर सहा महिन्यांनी हेच सगळे काम पुन्हा करण्याची पाळी येते. दांड्याच्या टोकावरचा मधला नट आणि नकलचे (शॉकअपच्या खाली चाक ज्याच्यावर बसते त्या लोखंडी भागाचे) नट नवे वापरावेत. स्प्रिंग तुटलेली किंवा खोल गंजलेली नसेल तर ती चालते.

हत्यारांमध्ये गोटी पाना सेट, रिंग पाने, एल की, हातोडी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना), चांगला जॅक आणि दोन घोडे (उचललेली गाडी पेलणारे स्टँड) एवढे लागते. नकलचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत १७ किंवा १९ मिमी पान्याचे असतात. गाडीबरोबर मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. या कामात त्याच्यावर विसंबू नये.

शॉकअप गाडीतून काढणे

जागा सपाट आणि पक्की असावी. शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा चांगला, मातीचे अंगण नको, कारण मातीत घोड्याचा पाय रुततो. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे नट थोडे सैल करावेत. मग गाडी उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मजबूत जागांखाली घोडे लावावेत, जॅक सावकाश उतरवून वजन घोड्यांवर द्यावे आणि गाडी हाताने हलवून ती हलत नाही ना, हे पाहावे. जॅकवर टांगलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवण्याची सवय चांगली. घोडा घसरलाच तर गाडी त्या चाकावर येऊन थांबते.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यासाठी समोर राहते. शॉकअप आणि नकल जिथे जोडलेले आहेत, तिथे खडूने किंवा पांढऱ्या रंगाने खूण करावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. आदल्या रात्री सगळ्या आट्यांवर स्प्रे मारून ठेवला असेल तर सकाळचे काम बरेच हलके होते. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएस सेन्सरची तार त्यांच्या पकडीतून सोडवावी. लिंक रॉडचा नट फिरवताना त्याच्या टोकाचा गोळाही सोबत फिरू लागतो. अशा वेळी टोकाच्या भोकात एल की अडकवून रिंग पान्याने नट सोडवावा.

आता खालच्या आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) जॅकने हलका आधार देऊन नकलचे दोन्ही नट सोडवावेत. काही गाड्यांत या बोल्टांच्या डोक्याजवळ खाचा असतात, त्यामुळे बोल्ट फिरवायचा नसतो. तो स्थिर धरून नटच फिरवायचा असतो. बोल्ट बाहेर ठोकताना नट त्याच्या टोकाशी सपाट येईल इतका परत चढवावा, म्हणजे हातोडीचा घाव नटावर बसतो आणि आटे बिघडत नाहीत. बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला लवंडते. तिचा भार ब्रेकच्या पाइपवर येऊ नये आणि एक्सल आतल्या बाजूने निसटू नये, म्हणून ती तारेने किंवा सुतळीने बांधून ठेवावी.

शेवटी बोनेट उघडून वरच्या बाजूचे नट काढायचे. तिथे साधारणपणे कडेला दोन-तीन छोटे नट आणि मध्ये एक मोठा नट दिसतो. कडेचेच नट काढायचे आहेत. मधल्या नटाला या टप्प्यावर हात लावायचा नाही, कारण दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते. काही मॉडेलमध्ये रचना वेगळी असते आणि वर एकच नट दिसतो; अशा गाडीत मॅन्युअल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कडेचा शेवटचा नट काढताना एका हाताने शॉकअप खालून धरावा, नाहीतर तो थेट पायावर येतो.

स्प्रिंग

इथवरचे काम म्हणजे नट सोडवणे होते आणि गाडी घोड्यांवर पक्की असेल तर त्यात चूक झाली तरी बहुधा बोटाचे सालच निघते. स्प्रिंगचे तसे नाही. साधारण ९०० किलोच्या हॅचबॅकचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या चाकांवर असतो असे धरले, तर एकेका बाजूची स्प्रिंग जवळपास २७० किलो पेलत असते. शॉकअप गाडीबाहेर काढल्यावरही ती पूर्ण मोकळी झालेली नसते, आणि माउंट सोडवण्यासाठी तिला आणखी दाबावे लागते. तशा अवस्थेत स्प्रिंग दाबून धरणारा आकडा (हूक) निसटला तर स्प्रिंग कुठे जाईल, हे सांगता येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने स्प्रिंग दाबण्याचा भाग घरी करूच नये. मी दोन्ही शॉकअप स्प्रिंगसकट गोणपाटात गुंडाळले, स्कूटरच्या पायाशी ठेवून शिवाजी उद्यमनगरात नेले आणि नवे भाग मिस्त्रींसमोर मांडून म्हणालो, "मामा, यातली स्प्रिंग तेवढी नव्यावर चढवून द्या." भिंतीला पक्क्या केलेल्या प्रेसवर ते काम बघता बघता झाले, आणि गाडी मात्र इकडे अंगणात घोड्यांवर शांत उभी होती. ऑइल इंजिने घडवत आलेल्या या पेठेत अशी सोय असताना स्वस्तातल्या आकड्यांवर जीव टांगण्यात शहाणपण नाही.

तरीही ज्याला स्वतः करायचे आहे, त्याने जाड, सुरक्षा पिन असलेले स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरावेत. दोन आकडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर, शक्य तितके जास्त वेढे पकडतील असे लावावेत आणि त्यांच्या आट्यांना ग्रीस द्यावे. एका बाजूला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्या बाजूला तितकेच, असे हातपान्यानेच आळीपाळीने आवळावे; इम्पॅक्ट गन लावू नये. स्प्रिंग वाकडी होताना दिसली तर तिथेच थांबून सोडावी आणि आकडे नव्याने लावावेत. शॉकअपचे टोक स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे नसावे आणि लेकरांना अंगणात येऊ देऊ नये. स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने फिरू लागली, म्हणजे माउंटवरचा ताण गेला. त्यानंतरच दांड्याच्या टोकात एल की धरून रिंग पान्याने मधला नट काढावा.

नवा शॉकअप उभा धरून दांडा चार-पाच वेळा सावकाश पूर्ण आत दाबावा आणि पूर्ण वर ओढावा, म्हणजे आडवा पडून राहिल्यामुळे वाल्वमध्ये शिरलेली हवा निघून जाते. दांड्याला पकड किंवा पाइप पाना कधीही लावू नये. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडासुद्धा नवे सील कापायला पुरतो. मग बंप स्टॉप, आवरण, स्प्रिंग, बेअरिंग आणि माउंट या क्रमाने चढवावे. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला टेकलेच पाहिजे आणि माउंटवर बाणाची खूण असेल तर ती मॅन्युअलप्रमाणे वळवावी. जोडणी उद्यमनगरात झाली असली, तरी या दोन गोष्टी तिथून निघण्याआधी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात.

परत बसवणे

वरचे नट आधी हातानेच चढवावेत, मग नकल उचलून तिचे बोल्ट घालावेत. भोके जुळत नसतील तर आर्मखालचा जॅक थोडा वरखाली करावा, हातोडी मारू नये. खुणा जुळवून नट आवळावेत आणि शेवटची पकड टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे द्यावी. लिंक रॉड, ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची तार आपापल्या जागी लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे आणि पाइप किंवा तार कुठे ताणली किंवा घासली जात नाही ना, हे पाहावे. माझी एकदा तारेची पकड लावायची राहिली होती. तार टायरला घासू लागली आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला तेव्हा ते लक्षात आले.

दुसरी बाजूही अशीच पूर्ण झाली की चाके लावून गाडी खाली घ्यावी आणि चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरची पकड लागते. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबून ते घट्ट आहे याची खात्री करावी. पहिल्यांदा काम करणाऱ्याला यात सगळा दिवस जातो, म्हणून ते उन्हाळ्यात, मृगाच्या आधी काढावे.

पहिली फेरी आपल्याच गल्लीत, हळू आणि काच खाली करून मारावी. टक-टक आवाज आला तर वरचे नट आणि लिंक रॉड पुन्हा पाहावेत. त्यानंतर गाडी थेट अलाइनमेंटला न्यावी आणि साधारण १०० किलोमीटर चालल्यावर नकलचे आणि चाकांचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत. जुने शॉकअप भंगारात देताना, आत दाबाखालचा नायट्रोजन असू शकतो, म्हणून गॅस कटरने कापू नका, एवढे भंगारवाल्याला बजावून सांगावे.