जीपीएस घड्याळाची बॅटरी लवकर संपत असेल तर

महागडे जीपीएस घड्याळ घेऊनही मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीत बॅटरी दगा देत असेल, तर घड्याळ सदोष ठरवण्यापूर्वी कंपनीने दिलेला आकडा कोणत्या मोडचा आहे, हे तपासावे. दिवसांत सांगितलेली क्षमता बहुधा जीपीएस बंद असतानाची असते.

धावताना मोठा खर्च उपग्रहांचे संकेत टिपण्यावर होतो. लोअर परळच्या उंच इमारतींवर आदळून हे संकेत परावर्तित होतात, त्यामुळे तेथे दोन वारंवारिता वापरणारा मल्टी-बँड मोड खरोखर उपयोगी पडतो. मात्र मरीन ड्राइव्हसारख्या समुद्रालगतच्या मोकळ्या रस्त्यावर साधा जीपीएस मोड पुरतो, आणि माझ्या मते बहुतेकांनी नेहमीसाठी तोच ठेवावा. सतत उजळ राहणारा पडदा आणि रात्रभर चालणारे रक्तातील ऑक्सिजनचे मापनही बंद करावे.

हे बदल एकदम न करता एकेक करावेत आणि प्रत्येक वेळी तासाभराच्या धावण्याआधी व नंतर बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवावी. काम कंटाळवाणे आहे, पण नेमके कारण यातूनच सापडते. तरीही घट तशीच राहिली, तर त्याच नोंदी घेऊन वॉरंटीच्या मुदतीत सेवा केंद्र गाठावे.